सुभेदारांची कॉलेज-पाहणी

दिल्लीहून परत आल्यावर शाळेच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "लाल किल्ला पाहिलात का?"

"बसमधून," मी म्हटलं.

"आणि कुतुबमिनार?"

"तोही बसमधून. पण तो कुतुबमिनारच होता, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही."

"मग इतके दिवस केलंत काय?"

इतके दिवस मी दिल्लीतल्या कॉलेजांचे संडास पाहत होतो. हे ऐकून सहकाऱ्यांनी चहाचे कप खाली ठेवले आणि मला पुढची हकिगत सांगणं भाग पडलं. ती सांगून सांगून आता इतकी पाठ झाली आहे, की एकदा लिहून मोकळा होतो.

मी फलटणच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, हिचे यजमान फौजेत सुभेदार. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. त्या वर्षी ते दिल्ली छावणीत होते. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली बारावी झाली आणि निकालापाठोपाठ दाजींची आसामला बदली आली. क्वार्टर सोडायचं होतं. दाजी आसामला जाणार, आक्का गावी येणार, हे ठरलेलं होतं. वैशालीचं काय, हे ठरत नव्हतं. दिल्लीत हॉस्टेलसकट एखादं बरं कॉलेज मिळालं तर ती तिथं राहील, नाहीतर आक्काबरोबर गावी येईल. ती गावी येईल म्हणून आमच्या चुलत्यांनी तिच्यासाठी दोन स्थळं हेरून ठेवली होती, याबद्दल मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं.

एका दुपारी आक्काचा शाळेत फोन आला. एसटीडी बूथवरून ती ओरडून बोलत होती. "आपल्यात शिकलेला तूच. ये आणि पोरीला कॉलेज निवडून दे." मी ‘कशी आहेस’ म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

आता मी आयुष्यात कॉलेज पाहिलं होतं ते एकच. आमच्याकडे दुसरं नव्हतंच, त्यामुळे निवडायचा प्रश्न आला नव्हता. पण घरात आपल्याला तज्ज्ञ समजतात म्हटल्यावर माणूस नाही म्हणत नाही. सुट्टी होतीच. मी निघालो.

छावणी

जूनमधल्या दिल्लीचं ऊन आपल्याकडच्या उन्हासारखं वरून पडत नाही, ते समोरून चालून येतं. स्टेशनवरून क्वार्टरवर पोचेपर्यंत मी अर्धा झालो होतो. आक्कानं कूलरसमोर बसवलं, पन्हं दिलं, आणि लगेच दाजींनी बैठक बोलावली. भिंतीवर दिल्लीचा नकाशा टांगला होता. दाजींच्या हातात स्वयंपाकघरातली उलथण्याची दांडी होती.

"मास्तर, परिस्थिती समजून घ्या," दाजी म्हणाले. "हिकडं युनिव्हर्सिटी. ही यमुना. नदीच्या पलीकडं नोएडा. तिथं नवीन नवीन प्रायवेट कॉलेजं उगवल्यात. आता सगळा देश कॉम्प्युटरवर चाललाय. पोरीनं कॉम्प्युटर घ्यायचा, हे फायनल. कॉलेज कुठलं, ते आपण रेकी करून ठरवायचं."

"मला भूगोल घ्यायचाय," वैशाली म्हणाली.

मग आक्का म्हणाली, "भूगोल शिकून काय होतं गं? मास्तर?" आणि माझ्याकडे बघून घाईघाईनं, "तसं नाही रे, तुझं चांगलं चाललंय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला आजवर असं महत्त्व कधी आलं नव्हतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "कॉम्प्युटरच बरा."

"यार मामा!" वैशालीनं कपाळावर हात मारला. "तुम्ही स्वतः भूगोल शिकवता ना?"

"म्हणूनच सांगतोय."

पोरगी झाशी, बबिना, जालंधर, दिल्ली अशी छावण्या-छावण्यांत वाढलेली. तिचं मराठी घरापुरतं होतं, आणि घरात न लागणारे शब्द तिच्याकडे नव्हतेच. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "वसतिगृहात एकटी राहशील ना?" तर ती दचकली. "वो क्या होता है?"

"हॉस्टेल."

"अच्छा! मला वाटलं, अनाथ मुलांचं काही असतं."

आक्कानं पदरानं डोळे टिपले. तिला वैशालीला सोडून जायचंच नव्हतं. तालुक्याला कॉलेज आहे, तिथं मामा आहे, आणखी काय पाहिजे, हे तिचं म्हणणं त्या बैठकीत एकदाच मांडलं गेलं आणि पुढे प्रत्येक जेवणात वाढलं गेलं.

"उद्या सकाळी सहाला फॉल इन," दाजींनी बैठक संपवली.

विद्यापीठ

सहाला आम्ही खरोखरच क्वार्टरबाहेर रांगेत उभे होतो. दाजी इस्त्रीच्या पँटमध्ये, बूट आरशासारखे. आक्काच्या पिशवीत भाकऱ्या आणि डबाभर हिरव्या मिरचीचा ठेचा. दिल्लीत कुठंही गेलं तरी छोले-भटुरे मिळतात, आणि ते खाऊन माणसाला कॉलेज नव्हे, कॉट निवडावीशी वाटते, असं तिचं मत होतं. मी पुढे एकदा भटुरे खाल्ले. तिचं बरोबर होतं.

युनिव्हर्सिटीच्या वाटेवर एका पाटीवर ‘उच्च शिक्षा’ असं लिहिलेलं दिसलं. दाजी म्हणाले, "मास्तर, हिकडं शिक्षणाला शिक्षा म्हणत्यात. फौजेत आम्ही दोन्ही एकच धरतो."

पहिलं कॉलेज फार नावाजलेलं होतं. लाल विटांची इमारत, दाट झाडं. हिरवळीवर मुलं-मुली गिटार घेऊन बसलेली, कुणाला कसली घाई दिसत नव्हती. मला ते पाहताक्षणी आवडलं. दाजी मात्र थेट संडासाकडे गेले.

त्यांची पद्धत अशी की प्रिन्सिपॉलना भेटायचं नाही, वर्ग बघायचे नाहीत. फाटकावरचा पहारेकरी, पिण्याच्या पाण्याची टाकी, कॅन्टीनचं स्वयंपाकघर आणि संडास, एवढंच तपासायचं. युनिट कसं आहे ते यावरून कळतं, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. वैशाली दूर झाडाखाली उभी राहून आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवत होती.

दाजी बाहेर आले ते नाकाला रुमाल लावूनच. "फेल," ते म्हणाले. "पहारेकरी झोपलाय. टाकीवर झाकण न्हाई. आतलं तर सांगतच न्हाई."

तेवढ्यात वैशाली भिंतीवरची यादी पाहून आली. तिचे टक्के तिथल्या कुठल्याच विषयाला पुरत नव्हते. दाजींनी कॉलेजला नापास केलं होतं, कॉलेजनं आम्हाला आधीच केलं होतं. हिशेब मिटला. त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी असाच मिटला.

परतीच्या बसमध्ये वैशाली खिडकीबाहेर बघत बसली होती. "मामा," ती हळूच म्हणाली, "गावी गेले तर मम्मी-पप्पा माझं लग्न करतील ना?"

"छे, असं कोण म्हणतं?" मी म्हटलं. माझं हे उत्तर तिला पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

यमुनेपलीकडे

दुसऱ्या दिवशी बस नव्हती. नोएडापलीकडच्या एका नव्या प्रायव्हेट कॉलेजची एसी व्हॅन आम्हाला न्यायला छावणीच्या फाटकावर आली. दाजींनी जाहिरात पाहून फोन केला, तर त्यांनीच गाडी पाठवली. आम्ही लग्नाच्या वऱ्हाडासारखे तीत बसलो.

यमुना ओलांडल्यावर सगळं आकड्यांत सुरू झालं. सेक्टर अमुक, सेक्टर तमुक. आधी घरं असलेले सेक्टर आले, मग अर्धी घरं असलेले, मग नुसत्या पाट्या असलेले. मैदानासारखे रुंद रस्ते, मध्ये दिव्यांचे खांब, आणि त्या सगळ्यातून चालणाऱ्या म्हशी. शेवटच्या पाटीच्याही पुढे, शेतांच्या मधोमध, निळ्या काचांची एक इमारत उन्हात चमकत होती.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं दाजींना पाहिलं, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. "जय हिंद, साब!" दाजींची छाती दोन इंच वर आली. ते आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

आले तेव्हा चेहऱ्यावर देवदर्शनाचं समाधान होतं. "मास्तर, पांढऱ्या फरश्या! नळ असा की तोंड दिसावं! आयुष्यात असा संडास पाहिला न्हाई. पास! पैकीच्या पैकी!"

"पप्पा," वैशाली म्हणाली, "नळावर दुकानाचं स्टिकर आहे अजून. ते कुणी वापरलेलेच नाहीत."

"मंग? ही काय वाईट गोष्ट हाय?"

डायरेक्टर साहेब आले. गळ्यात टाय, हातात सरबताचा ट्रे घेतलेला शिपाई मागे. माझ्यावर इंग्रजीची जबाबदारी होती. मी रात्रभर जुळवलेलं वाक्य टाकलं, "व्हॉट इज द स्ट्रेंथ ऑफ युवर फॅकल्टी?"

"व्हेरी स्ट्राँग, सर!" ते म्हणाले आणि आम्हाला कॉम्प्युटर लॅबकडे घेऊन गेले.

लॅबबाहेर चपला काढायच्या होत्या. आत गारेगार. रांगेनं कॉम्प्युटर, सगळ्यांवर प्लॅस्टिकचे झगे. आक्कानं दारातूनच हात जोडले. वैशाली मात्र टेबलामागे वाकली. "सर, इनके तार तो लगे ही नहीं हैं."

"लग जाएँगे, बेटा. सब लग जाएगा. लेकिन सीट आज ही बुक करनी होगी. कल का भरोसा नहीं."

दाजींचा हात खिशाकडे गेला. सॅल्यूटचा अंमल अजून उतरला नव्हता.

"सर," वैशालीनं विचारलं, "पढ़ाएगा कौन?"

डायरेक्टर साहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन स्थिरावली. "आप क्या करते हैं, सर?"

"टीचर आहे. भूगोल. एम. ए., बी. एड."

"जॉग्रफी!" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "सर, आप कहाँ थे? हमें एन्व्हायर्नमेंट का हेड चाहिए. ये आपका केबिन."

त्यांनी एक दार उघडलं. आत मोठं टेबल, फोन, आणि गोल फिरणारी खुर्ची. मी नको नको म्हणत बसलो. खुर्ची इतकी मऊ होती, की फलटणमधली माझी लाकडी खुर्ची, तिचा हलणारा पाय आणि ती फोडायला टपलेला नववी ब, सगळे डोळ्यांपुढे आले. कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी एक गिरकी घेतली. गिरकी संपली तेव्हा वैशाली समोर उभी होती.

"मामा, सकाळी या कॉलेजात एकही सर नव्हते," ती म्हणाली. "आता एक आहेत, आणि ते माझे मामा आहेत. मी इथं ॲडमिशन घेणार नाही."

मी उठलो. दाजींचा हातही खिशातून बाहेर आला.

"आम्ही विचार करून कळवतो," असं सांगून आम्ही बाहेर पडलो, तर व्हॅन गायब. गाडी दुसऱ्या पार्टीला आणायला गेली, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. या वेळी त्यानं सॅल्यूट केला नाही.

मग त्या रुंद रस्त्यावरून आम्ही चालू लागलो. झाड नाही, टपरी नाही. आक्कानं पदर डोक्यावर ओढला, दाजींनी रुमाल, मी कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक. शेवटी मागून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत काकड्यांचा ढीग. फेटा बांधलेले एक म्हातारे शेतकरी तो चालवत होते. त्यांनी काही न विचारता गाडी थांबवली आणि बस स्टँडपर्यंत नेतो म्हणाले. आम्ही काकड्यांवर बसलो.

"ताऊजी," वैशाली ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडली, "यहाँ तक जमुना का पानी आता था?"

"आता था? बेटी, जहाँ तू कालेज देख के आई, वहाँ हर दो-चार साल में घुटनों तक आता था."

वैशालीनं ट्रॉलीत सांडलेली माती चिमटीत घेतली, चोळली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "मामा, ही खादर. नवा गाळ. बघा, किती मऊ. ती इमारत खालून ओली होणार."

खादर आणि भांगर. दरवर्षी पहिल्या सत्रात मी हे दोन शब्द फळ्यावर लिहितो, खाली रेघ मारतो आणि मुलं ते वहीत उतरवतात. नदीनं फार पूर्वी टाकलेला गाळ म्हणजे भांगर, नवीन आणलेला गाळ म्हणजे खादर. इतकी वर्षं शिकवूनही मी तो हातात घेतला नव्हता. मी तळहाताकडे बघत राहिलो.

"तुला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. दर वेळी पप्पांची पोस्टिंग आली की सामान बांधायचं. आपण कुठं चाललोय तेच मला कळायचं नाही, खूप रडू यायचं. मग मी नकाशात बघायला लागले. तिथं नदी कुठली, डोंगर कुठं, पाऊस किती. बघितलं की भीती कमी व्हायची."

मी दाजींकडे वळलो. "दाजी, पोरीला भूगोलच घेऊ द्या."

दाजी काकडी खात होते. "परवा तर कॉम्प्युटर म्हणत होता."

"परवा मी चुकीचं बोललो."

"तुमी मास्तर लोक पण ना," दाजी म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत. पांढऱ्या फरश्यांनी त्यांचा आत्मविश्वास थोडा हलवला होता.

हिंदूराव

तिसऱ्या दिवशी बस कंडक्टर दारात लटकून "हिंदूराव, हिंदूराव!" ओरडत होता. इतक्या दूर हे नाव ऐकून मला भरून आलं. मी त्याला सांगितलं, की हे हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरकडून आलेले आमचे मराठी सरदार.

"अस्पताल है जी," तो म्हणाला. "उतरना है तो उतरो."

रिज म्हणतात त्या टेकडीच्या जंगलाखालच्या उतारावर मुलींचं एक जुनं कॉलेज होतं. भिंतींचा रंग उडालेला, फाटकाला गंज. आत भूगोलाचा विभाग आहे, हॉस्टेल आहे, आणि वैशालीचे टक्के काठावर का होईना बसण्यासारखे आहेत, असं कळलं होतं. दाजी नेहमीप्रमाणे तपासणीला निघाले आणि हॉस्टेलच्या जाळीच्या दाराशी अडले.

दारात वॉर्डन बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"मैं सूबेदार हूँ," दाजी म्हणाले. "अंदर का मुआयना करना है."

"होंगे. मर्द इस जाली से आगे नहीं जाते."

"मेरी बेटी यहाँ रहेगी."

"तभी तो. प्रिंसिपल साहिबा के पति भी यहीं बैठते हैं." त्यांनी बाकाकडे बोट केलं. तिथं खरोखरच एक वयस्क गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर न करता सरकून दाजींना जागा करून दिली.

दाजी बसले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं कुणी बसवलं असेल असं वाटत नाही. मग ते माझ्या कानाशी लागले, "मास्तर, पहाऱ्यावरचा संत्री कडक हाय."

तपासणी आक्कावर सोपवली गेली. "संडास, लंगर, टाकी, मागचं फाटक. विसरू नको." लंगर म्हणजे फौजी भाषेत स्वयंपाकघर. आक्का डब्याची पिशवी घेऊन आत गेली. वैशाली विभागात चौकशीला गेली. मी आणि दाजी, आणि पलीकडे प्रिन्सिपॉलबाईंचे यजमान, असे तिघे बाकावर शाळेतल्या पोरांसारखे बसून राहिलो.

वैशाली परत आली. आक्का येईना. गृहस्थांचं वर्तमानपत्र संपलं, त्यांनी ते मला दिलं. माझंही संपलं. दाजी उठून जाळीपाशी गेले आणि वॉर्डन बाईंच्या एका नजरेनं परत आले. तेवढ्यात आतून मुलींच्या हसण्याचा मोठा लोट आला. त्या हसण्यात एक आवाज आक्काचा होता. तो मी फार वर्षांनी ऐकत होतो.

आक्का आली ती रिकामा डबा घेऊन. डोळे पाण्यानं भरलेले, तोंड लाल.

"संडास कसे हायत?" दाजींनी विचारलं.

"नाही पाहिले."

"लंगर?"

"राहिलं."

"मंग इतका वेळ केलंस काय?"

"मागं पायऱ्या आहेत," आक्का म्हणाली. "पोरी बसल्या होत्या. कुणी केस वाळवत होती, कुणी वाचत होती. मी उभी होते तर म्हणाल्या, बैठो आंटी. मी बसले. डबा उघडला. ठेचा बघून एक बिहारची पोरगी म्हणाली, हम मिर्च से नहीं डरते. मग जी काय नाचली!" आक्का पुन्हा हसायला लागली. "एकीनं विचारलं, आंटी, आप कहाँ तक पढ़ी हैं? म्हटलं, सातवी. ती म्हणाली, फिर? मी म्हटलं, फिर शादी. सगळ्या हसल्या. मीपण हसले."

हसणं हळूहळू ओसरलं.

"पण मग मलाच कळेना, मी हसतेय कशाला," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, फिर काय म्हणून."

वॉर्डन बाईंना मराठी येत नसावं, पण त्या किल्ल्या न वाजवता उभ्या होत्या.

"वैशू इथंच राहील," आक्का म्हणाली.

"पर संडास..." दाजी म्हणाले.

"असतील कसेही. ती साफ करून घेईल. सुभेदाराची पोर आहे."

परत

पहिल्या यादीत वैशालीचं नाव आलं नाही, दुसरीत आलं. भूगोलाला गर्दी कमी असते. माझ्या विषयाचं हे एकमेव वैभव त्या दिवशी कामी आलं. लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानं तिची स्थानिक जबाबदारी घेतली. त्यांनी आधी आमचीच कसून मुलाखत घेतली, आणि त्यात मी थोडक्यात वाचलो. दाजी आसामला गेले. मी आणि आक्का ट्रंका घेऊन निघालो.

गाडी सुटल्यावर आक्का मांडीवरचा रिकामा डबा उघडत-मिटत होती. ती वैशालीच्या आठवणीनं कासावीस झाली असेल, असं समजून मी धीराचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "दहावीला बाहेरून बसता येतं ना रे?"

"कुणाला?"

"मला."

पुढची दोन वर्षं ती आठवड्यातून तीनदा एस. टी.नं फलटणला माझ्याकडे शिकायला आली. गावात लोक हसले, मग हसायचे थांबले. दाजी आसामहून पत्रात प्रत्येक वेळी विचारत, परीक्षा केंद्रावर पाण्याची सोय आहे का. सुट्टीत वैशाली यायची, दोघी ओसरीवर नकाशा पसरून बसायच्या, आणि मी शिकवायला लागलो की एकमेकींकडे बघायच्या.

आक्का पहिल्याच फटक्यात पास झाली. गणितात बरे गुण, हिंदीत तर उत्तम. सगळ्यांत कमी भूगोलात. तो तिला मी शिकवला होता.